निकोडिमस, कॅन्सस: चौदा माणसांच्या गावाबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

कॅन्सस सिटीकडची मराठी मंडळी गाडीने डेन्व्हरला निघाली की वाटेत काय बघायचं असं विचारतात, आणि मी दरवेळी निकोडिमसचं नाव घेतो, गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या लोकांनी वसवलेलं गाव. मग पुढचे प्रश्न ठरलेलेच असतात, त्यामुळे सगळी उत्तरं एकदाच इथे लिहून ठेवतोय. काही उत्तरं लांबलीयत, पण ज्याला नुसता रस्ता हवाय त्याने सरळ शेवटच्या प्रश्नावर जावं, रागावणार नाही.

हे गाव नक्की आहे कुठे?

कॅन्सस राज्याच्या वायव्य भागात, ग्रॅहम काउंटीत, हायवे २४ ला अगदी लागून. पूर्वेला स्टॉकटन, पश्चिमेला हिल सिटी, आणि दक्षिणेला सॉलोमन नदीचा एक फाटा, ज्याला नदी म्हणायचं की ओढा हे त्या वर्षीच्या पावसावर ठरतं. आजूबाजूला गहू, ज्वारी आणि गवत, आणि आभाळ एवढं मोठं की तीस मैलांवरचं वादळ आधी दिसतं. गाडी ताशी साठ-पासष्ट मैलांनी चाललेली असेल तर गाव येऊन गेलेलं कळतही नाही.

कॅन्ससला मिडवेस्ट म्हणतात का?

हो, अमेरिकन जनगणना खातं मिडवेस्टमध्ये जी बारा राज्यं धरतं त्यात कॅन्सस आहे. ओहायोवाल्याला कॅन्सस म्हणजे भलतंच पश्चिमेकडे वाटतं, आणि पश्चिम कॅन्ससच्या शेतकऱ्याला ओहायो पूर्वेकडचं वाटतं, ते त्यांचं त्यांनी बघावं.

लोकसंख्या खरंच चौदा आहे?

२०२० च्या जनगणनेत आकडा १४ आलाय, बरोबर. पण तो जरा जपून वापरा, कारण त्या जनगणनेत लोकांची खाजगी माहिती फुटू नये म्हणून खात्याने लहान गावांच्या आकड्यांत मुद्दाम थोडी सरमिसळ केली होती, म्हणजे राज्याचा एकूण आकडा पक्का, पण जसजसं खाली गावपातळीवर याल तसा एक-दोन इकडे, तीन-चार तिकडे असा फरक असू शकतो. याचं सगळ्यात भारी उदाहरण शेजारच्या नेब्रास्कातलं मोनोवाय. तिथे फक्त एक आजी राहतात, त्याच गावच्या मेयर, त्याच ग्रंथपाल, त्याच हॉटेल चालवणार, आणि २०२० च्या यादीत तिथली लोकसंख्या आली २! दुसरं माणूस कुठून आलं म्हणून वर्तमानपत्रवाले चौकशीला गेले, तर ते त्या सरमिसळीतून आलेलं होतं.

त्यामुळे निकोडिमसमध्ये चौदा म्हणजे डझन-दीड डझन माणसं, बहुतेक वयस्कर, एवढंच समजा. आणि एक सांगतो, या गावाच्या बाबतीत जनगणनेचा आकडा मोजतो भलतंच काहीतरी. ते जुलैच्या प्रश्नात येईल.

गाव कोणी वसवलं? आणि इथेच का?

अमेरिकेतली गुलामगिरी १८६५ ला कायद्याने संपली, पण दक्षिणेतल्या राज्यांत सुटलेल्या लोकांच्या हातात काय आलं तर जुन्याच मालकाची शेती वाट्याने करायची, कर्ज काढायचं, आणि रात्री गोऱ्या टोळ्या दारात येतील या भीतीत झोपायचं. १८७७ मध्ये वॉशिंग्टनच्या सरकारने दक्षिणेत उरलेला लष्करी पाठिंबा काढून घेतला आणि जी काही थोडीफार राजकीय ताकद काळ्या लोकांना मिळाली होती ती ओसरायला लागली. निकोडिमस त्याच वर्षीचं आहे.

दुसऱ्या बाजूला होमस्टेडचा कायदा होता, १८६२ चा. सरकारी जमीन, १६० एकर, भरायची फी अठराएक डॉलर, पाच वर्षं तिथे राहून कसायची की जमीन तुमच्या नावावर. ज्या माणसाला काल-परवापर्यंत स्वतःचं शरीरही स्वतःच्या नावावर नव्हतं त्याला १६० एकर ऐकून काय वाटलं असेल याचा विचार करा.

तर डब्ल्यू. आर. हिल नावाचा एक गोरा जमीन-दलाल आणि डब्ल्यू. एच. स्मिथ नावाचे एक काळे धर्मोपदेशक यांनी एप्रिल १८७७ मध्ये आणखी काही जणांना घेऊन टाउन कंपनी, म्हणजे गाव वसवून प्लॉट विकणारी कंपनी, काढली. कंपनीत दलाल सोडला तर बाकीचे काळेच होते. केंटकी राज्यात चर्चमधून प्रचार झाला, हँडबिलं वाटली. लेक्सिंग्टनचं एक हँडबिल आजही बघायला मिळतं, त्यात सरळ लिहिलंय की ज्या काळ्या माणसांना ५ सप्टेंबर १८७७ ला कॅन्ससला जायचंय त्यांना ५ डॉलरमध्ये जाता येईल. जाहिरातीत सुपीक जमीन, लाकूडफाटा, पाणी, शिकार, सगळं होतं. (लाकूडफाट्याचं पुढे बघूच.)

आणि कॅन्ससच का, तर गुलामगिरी नको म्हणून याच राज्यात १८५० च्या दशकात लोक एकमेकांचे मुडदे पाडत होते, गुलामगिरीविरुद्ध हत्यार उचललेला जॉन ब्राउन इथेच लढला, १८६१ ला हे राज्य संघात आलं तेच गुलामगिरीमुक्त म्हणून. काळ्या लोकांमध्ये कॅन्ससच्या नावाला एक वजन होतं.

निकोडिमस हे नाव बायबलमधलं ना?

बायबलमध्ये आहेच, येशूला रात्री भेटायला येणारा तो. पण गावात जास्त करून सांगतात ते एका दंतकथेतल्या गुलामाचं, ज्याला राजा म्हणून मान होता आणि ज्याने स्वतःची सुटका विकत घेतली. त्या काळी त्याच्यावरचं एक गाणं फार चालायचं. दोन्ही मतं आहेत, भांडण नाही.

त्याच्या आधी ती जमीन कोणाची होती?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, पण विचारायला हवा. हे मैदान पॉनी, शायन, अरापाहो वगैरे मूळ अमेरिकन जमातींचं शिकारीचं रान होतं. १८६७ चा मेडिसिन लॉजचा तह, त्याच्या आगेमागे झालेल्या लढाया, आणि बायसन या रानटी बैलांची कत्तल, यातून त्यांना दक्षिणेला इंडियन टेरिटरीत, म्हणजे आजच्या ओक्लाहोमात ढकलण्यात आलं, आणि मग सरकारने तीच जमीन मोकळी म्हणून वाटायला काढली. ज्यांना वाटून मिळाली त्यांच्यात काही गुलामगिरीतून सुटलेली माणसं होती. इतिहास असा गुंतलेला असतो, काय करणार.

एक्सोडस्टर्स म्हणतात ते हेच लोक का?

थोडक्यात, नाही. एक्सोडस्टर्स म्हणजे दक्षिणेतून कॅन्ससकडे निघालेले काळे लोक, आणि त्यांची मोठी लाट आली १८७९ मध्ये, मिसिसिपी-लुइझियानाकडून हजारो माणसं, बरीचशी काहीच ठरवाठरव न करता निघालेली. निकोडिमसची मंडळी दोन वर्षं आधीची, केंटकीची, आणि ठरवून, पैसे भरून, गटाने आलेली. काळ्या लोकांना कॅन्ससला आणणारे बेंजामिन 'पॅप' सिंगलटन यांचं नाव दोन्हीकडे जोडलं जातं, पण त्यांच्या वसाहती कॅन्ससमध्ये दुसरीकडे आहेत.

सुरुवातीला एवढे हाल का झाले?

कारण सप्टेंबरमध्ये आले. शेतीतलं काही न कळणाऱ्यालाही हे समजेल. लेक्सिंग्टनकडचे साडेतीनशेच्या आसपास लोक एलिस स्टेशनपर्यंत रेल्वेने आले आणि तिथून पुढे गावापर्यंत पस्तीसएक मैल चालत, पोराबाळांसकट. त्या वर्षीचं पीक घ्यायचे दिवस गेलेले, थंडी तोंडावर, बैल-घोडे मोजके, आणि गाव म्हणावं तर काही नव्हतंच. कित्येक कुटुंबं ते बघून आल्या पावली परत फिरली. हिलला लोकांनी फासावर लटकवायची भाषा केली आणि तो जीव मुठीत धरून लपला असं सांगतात. (आज जवळचं तालुक्याचं म्हणावं असं गाव हिल सिटी आहे, ते याच हिलच्या नावाने. दलालांची नावं राहतात.)

पुढच्या वसंतात, १८७८ मध्ये, केंटकीच्याच जॉर्जटाउनकडून आणखी एक गट आला. त्यात विलियाना हिकमन नावाची बाई होती, नवरा डॅनियल धर्मोपदेशक. तिने नंतर सांगितलेली आठवण या गावाबद्दल लिहिणारा प्रत्येकजण देतो आणि मीही देणार. वाटेत पोरांना गोवर झाला, ती स्वतः आजारी, कसेबसे चालले होते, आणि पुढचे पुरुष एकदम ओरडले की ते बघा निकोडिमस! ती डोळे फाडून बघते तर समोर काहीच नाही, नुसता माळ. कुठाय निकोडिमस, मला दिसत नाहीये, असं तिने नवऱ्याला विचारलं. त्याने बोट दाखवलं, जमिनीतून इथून तिथून धूर निघत होता. ते बघ, तेच निकोडिमस. लोक जमिनीखाली राहत होते. आणि ती रडायला लागली.

त्या घरांना डगआउट म्हणतात. उताराच्या बाजूला फावड्याने खण काढायचा, वर लाकडाचे वासे, त्यावर फांद्या, त्यावर गवताच्या मुळांसकट कापलेले मातीचे थर, पुढे एक दार, एखादी खिडकी, आणि धुराडं वर काढलेलं. पावसात गळायचं, साप यायचे, पण थंडीत वाऱ्यापासून वाचवायचं, आणि मुख्य म्हणजे फुकट होतं. जाहिरातीतला लाकूडफाटा नदीकाठी दोन-चार झाडं एवढाच निघाला, त्यामुळे चुलीत बायसनच्या वाळलेल्या शेणाचे गोळे आणि सूर्यफुलाची खोडं. आपल्याकडच्या कोणाला गोवऱ्यांचं वेगळं सांगायला नको.

मग जगले कशावर?

पहिल्या हिवाळ्यात शिकारीहून परतणाऱ्या ओसेज या मूळ अमेरिकन जमातीच्या लोकांनी त्यांना मांस दिलं असं गावात पिढ्यान्पिढ्या सांगतात. ओसेज स्वतःच थोड्या वर्षांपूर्वी कॅन्ससमधून हाकलले गेलेले, हे लक्षात घेतलं तर ती गोष्ट आणखी वेगळी वाटते. पूर्वेकडच्या गावांतून धान्य-कपडे मागवले गेले, पण भीक मागणारी वसाहत म्हणून नावं ठेवली जायला लागली तेव्हा गावकऱ्यांनीच ठरवून बाहेरून मदत मागणं बंद केलं. पुरुष मजुरीला रेल्वेच्या कामावर किंवा पूर्वेकडच्या शेतांवर जायचे, बऱ्याचदा चालतच, आणि मागे बायका-पोरं कुदळ-फावड्याने जमीन फोडायची. अख्ख्या वसाहतीत नांगराला जुंपायला घोडे जेमतेम, त्यामुळे पहिल्या वर्षी एकेका घराने लावलं ते काही एकर. माळावर पडलेली बायसनची हाडं गोळा करून विकायची, टनाला सहाएक डॉलर यायचे, खतासाठी जायची ती.

हे सगळं चालू असताना ऑक्टोबर १८७७ मध्येच गावात पहिलं मूल जन्मलं, हेन्री विल्यम्स. आणि पोस्ट ऑफिसही त्याच वर्षी, झॅकरी फ्लेचर पोस्टमास्तर. त्यांच्या बायकोने, जेनी यांनी, पोरांना शिकवायला सुरुवात केली. घर जमिनीखाली आणि शाळा चालू, हे मला या गावाबद्दल सगळ्यात जास्त आवडतं.

गाव कधी मोठं झालंच नाही का?

झालं की. १८८० च्या जनगणनेत गाव आणि टाउनशिप (काउंटीतला आजूबाजूचा भाग) मिळून २५८ काळे आणि ५८ गोरे होते. गोऱ्यांची दुकानंही होती, आणि त्या भागातले गोरे-काळे शेतकरी एकमेकांची अवजारं, मजुरी वापरत होते, दुष्काळ दोघांना सारखाच पडायचा. १८८० चं दशक चांगलं गेलं. चुनखडीच्या दगडाची घरं आली, फ्लेचर यांचं सेंट फ्रान्सिस हॉटेल, किराणा दुकानं, औषधांचं दुकान, घोडे भाड्याने देणारे, चर्चेस, आणि दोन-दोन वर्तमानपत्रं! १८८६ मध्ये वेस्टर्न सायक्लोन आणि १८८७ मध्ये निकोडिमस एंटरप्राइझ. काहीशे माणसांच्या गावात दोन पेपर म्हणजे वाचायला बातमी किती आणि रेल्वे आणायचा प्रचार किती हे तुम्हीच ओळखा.

राजकारणात कोणी पुढे आलं का?

एडवर्ड मॅककेब. न्यूयॉर्क राज्यात जन्मलेला, शिकागोत कारकुनी केलेला, शिकलेला तरुण, १८७८ मध्ये इथे आला. १८८० ला ग्रॅहम काउंटी अधिकृतपणे उभी राहताना गव्हर्नरने त्याला काउंटी क्लार्क नेमलं, आणि १८८२ मध्ये तो अख्ख्या कॅन्ससचा ऑडिटर (राज्याचे हिशेब तपासणारा) म्हणून निवडून आला, १८८४ ला परत. राज्यभरातून निवडून आलेला कॅन्ससचा पहिला काळा माणूस, आणि मत देणारे बहुसंख्य गोरे, १८८२ साली! तिसऱ्यांदा तिकीट मिळालं नाही. मग तो ओक्लाहोमात गेला, तिथे १८९० मध्ये लँगस्टन हे गाव वसवण्यात पुढे होता, जिथे आज विद्यापीठ आहे. निकोडिमसला मात्र तो परत आला नाही.

एवढं चांगलं चाललं होतं तर रिकामं का झालं?

सगळे एका शब्दात उत्तर देतात, रेल्वे. ती गोष्ट आधी सांगतो आणि मग ती अर्धी का आहे तेही.

त्या काळात माळरानावरच्या गावाचं नशीब रूळ ठरवायचे. धान्य बाहेर काढायचं तर घोडागाडीने दोन दिवस की स्टेशन दारात, एवढा फरक. मिसुरी पॅसिफिक कंपनीची लाइन पूर्वेकडून येत होती. मार्च १८८७ मध्ये गावाने मतदान घेऊन १६,००० डॉलरचे रोखे मंजूर केले, म्हणजे रेल्वे आणाल तर एवढे पैसे आम्ही उभे करू. डगआउटमध्ये राहिलेल्या लोकांनी दहा वर्षांत केलेलं हे धाडस. पण ती लाइन स्टॉकटनलाच थांबली. १८८८ मध्ये युनियन पॅसिफिकने आपली लाइन टाकली ती नदीच्या पलीकडून, गावापासून सहाएक मैलांवर, आणि तिथे बोग नावाचं नवं गाव उभं राहिलं. झालं, दुकानदारांनी गाशा गुंडाळला आणि नदीपलीकडे गेले. पेपर बंद पडले. कंपनीने काळ्यांचं गाव म्हणून टाळलं का, यावर बरेच जण बोलतात. गोऱ्यांचीही शेकडो गावं रेल्वेने अशीच मारली हे खरं, पण तो संशय लोकांच्या मनात राहिला तर त्यांना दोष देता येत नाही.

मग अर्धी गोष्ट का म्हणता?

कारण ज्याला रेल्वे मिळाली त्या बोगचं पुढे काय झालं ते बघा ना. आज तिथे दीडशेच्या आसपास माणसं आहेत. अख्ख्या ग्रॅहम काउंटीत २०२० ला २,४१५, आणि काउंटी केवढी तर आपल्याकडचे दोन तालुके सहज मावतील. रूळ असो नसो, हा सगळा पट्टाच रिकामा होत गेला.

आणि रेल्वे गेली म्हणून निकोडिमस लगेच ओसही पडलं नाही. दुकानं गेली, पण आजूबाजूच्या १६०-१६० एकरांवरची कुटुंबं राहिली, १९०७ मध्ये बॅप्टिस्ट चर्चची नवी इमारत बांधली, १९१८ मध्ये शाळेची, हे काही मरणाऱ्या गावाचं लक्षण नाही. खरा फटका बसला १९३० च्या दशकात, मंदी आणि धुळीची वादळं एकदम आली तेव्हा. १९३५ पर्यंत गावात ७६ माणसं उरली. १९५० ला १६. पोस्ट ऑफिस १९५३ ला बंद, शाळा १९६० ला. शाळा बंद झाली की गावातली शेवटची तरुण कुटुंबं जातात, हे कुठेही बघा.

त्यात शेतीचं गणित. तिथे वर्षाला पाऊस वीस-बावीस इंच. एवढ्या पावसावर १६० एकरांत कुटुंब नीट जगत नाही, दोन वर्षांनी एक पीक घ्यायचं म्हणून अर्धी जमीन पड ठेवावी लागते. ट्रॅक्टर आणि कंबाइन आल्यावर एक माणूस हजार-दोन हजार एकर बघायला लागला, आणि मग बाकीच्या दहा जणांनी काय करायचं? डेन्व्हर, टोपेका, कॅन्सस सिटी, कॅलिफोर्निया. काळ्या शेतकऱ्याला याशिवाय कर्ज मिळायची वेगळी अडचण, बँकेतही आणि सरकारी शेती खात्यातही, यावर तर देशभर खटले झाले आणि १९९९ मध्ये सरकारला मोठा समझोता करावा लागला.

आता कोणी शेती करतं का?

करतात, पण हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी कुटुंबं. हिवाळी गहू मुख्य, सप्टेंबरात पेरणी आणि जूनच्या शेवटी-जुलैत काढणी. बाहेर गेलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी जमीन विकलेली नाही, खंडाने दिलीय. पिढ्या वाढल्या तशी एका तुकड्याला पंधरा-वीस वारस, सगळे वेगवेगळ्या राज्यांत, आणि सह्या गोळा करता करता वकील म्हातारा होतो. सातबाऱ्यावर चुलत-चुलत नावं असलेल्या वाचकांना यावर जास्त बोलायला नको.

जुलैमध्ये काय असतं?

होमकमिंग, जुलैचा शेवटचा वीकेंड. आपल्या गावच्या जत्रेला मुंबई-पुण्याचे चाकरमानी उतरतात तसंच अगदी. चौदा माणसांच्या गावात शेकडो लोक येतात, कॅलिफोर्निया, कोलोरॅडो, कुठून कुठून, माळावर आरव्ही आणि तंबू लागतात, शनिवारी परेड, घोडे, बार्बेक्यू, नाच, रविवारी चर्च. हा सण सुरू झाला १ ऑगस्टचा एमॅन्सिपेशन डे म्हणून, १८३४ मध्ये त्या तारखेला ब्रिटिशांच्या वेस्ट इंडीजमधली गुलामगिरी संपली त्याची आठवण, आणि पूर्वी नदीजवळ स्क्रग्जच्या राईत भरायचा. आता गहू काढून झाल्यावर, सुट्टी जमते तेव्हा.

आता वरचा मुद्दा. जनगणनेवाले मोजतात १ एप्रिलला कोणाचं नेहमीचं राहणं कुठे आहे ते. निकोडिमसचे लोक स्वतःला मोजतात ते वेगळ्याच हिशोबाने, म्हणजे तू कुठल्या घराण्यातला, स्वित्झर की बेट्स की अलेक्झांडर की विल्यम्स, तुझे पणजोबा कुठल्या गटातून आले. डेन्व्हरमध्ये जन्मलेली, तिथेच वाढलेली तिशीची पोरगी सहज सांगते की मी निकोडिमसची. मला वाटतं हे गाव टिकलं ते यामुळे. बोगला रूळ मिळाले, पण बोगसाठी कोणी दरवर्षी हजार मैल गाडी हाकत येत नाही.

एक सूचना, तुम्ही पाहुणे म्हणून गेलात तर स्वागत होतं, पण हा मुळात घरचा कार्यक्रम आहे. लोकांच्या तोंडावर मोबाइल धरून व्हिडिओ काढू नका, आधी विचारा.

हे राष्ट्रीय स्मारक कधी झालं?

१९७६ मध्ये नॅशनल हिस्टॉरिक लँडमार्क, आणि १२ नोव्हेंबर १९९६ ला नॅशनल पार्क सर्व्हिसच्या ताब्यातली नॅशनल हिस्टॉरिक साइट. आपोआप झालं नाही ते. अँजेला बेट्स या गावच्याच वंशातल्या बाईंनी १९८० च्या दशकाच्या शेवटी इतिहास मंडळ काढलं आणि वॉशिंग्टनपर्यंत पाठपुरावा केला. गुलामगिरीनंतरच्या त्या काळात मिसिसिपीच्या पश्चिमेला काळ्या लोकांनी वसवलेल्या गावांपैकी आज वस्ती असलेलं हे एकच उरलंय, असं पार्क सर्व्हिसही सांगते.

बघायला काय आहे?

पाच इमारती. टाउनशिप हॉल, १९३९ चा, मंदीच्या काळात सरकारी रोजगार योजनेतून इथल्याच चुनखडीच्या दगडात बांधलेला, आता तिथे व्हिजिटर सेंटर. सेंट फ्रान्सिस हॉटेल, जे नंतर स्वित्झर कुटुंबाचं घर झालं. एएमई (आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल) चर्च, बॅप्टिस्ट चर्च, आणि शाळा. सगळ्या इमारती आत जाऊन बघता येत नाहीत, काही अजून खाजगी मालकीच्या आहेत. पण चालत फिरायला तासभर पुरतो. एएमई चर्चच्या भिंतीजवळ जाऊन गिलाव्याखालचा दगड बघा, पिवळसर, मऊ, नखाने थोडा खरवडला जाईल असा वाटतो (खरवडू नका). व्हिजिटर सेंटरमधले रेंजर मोकळे असले की तासभर बोलतात, आणि ते मोकळेच असतात.

या गावचं कोणी प्रसिद्ध?

व्हेरिल स्वित्झर. कॅन्सस स्टेटकडून फुटबॉल खेळला, अमेरिकन फुटबॉल म्हणतोय मी, आणि १९५४ च्या ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक संघ कॉलेजातले खेळाडू निवडून घेतात ते) ग्रीन बे पॅकर्स संघाने त्याला पहिल्या फेरीत चौथ्या क्रमांकावर घेतला. खेळ संपल्यावर कॅन्सस स्टेट विद्यापीठातच नोकरी केली आणि गावाकडची जमीन शेवटपर्यंत सोडली नाही. २०२२ मध्ये गेला.

मराठी माणसाचा याच्याशी काय संबंध?

थेट काही नाही, उगाच ओढून आणू नये. पण एक आठवण येतेच. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' छापलं ते अमेरिकेतल्या त्या लोकांना अर्पण केलं ज्यांनी तिथल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली. पुण्यात बसून ते हे लिहीत होते तेव्हा केंटकीतल्या या माणसांना मुक्ती मिळून आठ वर्षं झाली होती, आणि आणखी चार वर्षांनी ती जमिनीसाठी घर सोडून माळावर निघाली.

जायचं कसं, आणि काय सोबत ठेवायचं?

कॅन्सस सिटीहून आय-७० पकडा, हेज आणि एलिस मागे टाकून वाकीनीला उतरा, तिथून २८३ ने उत्तरेला हिल सिटी, मग २४ ने पूर्वेला. पाच तास धरा. डेन्व्हरकडूनही साधारण तेवढेच. प्रवेश फुकट. व्हिजिटर सेंटर रोज उघडं असेलच असं नाही, त्यामुळे निघायच्या आधी वेळ बघून घ्या. गावात पेट्रोल पंप नाही, दुकान नाही, खायला होमकमिंग सोडून काही मिळत नाही, टाकी हिल सिटीतच भरा आणि डबा सोबत असू द्या, शाकाहारी असाल तर नक्कीच. फोनची रेंज मधेच जाते म्हणून नकाशा आधी डाउनलोड करा. उन्हाळ्यात दुपारी ३८-४० अंश आणि झाड एखाद-दुसरं, टोपी आणि पाणी विसरू नका. हिवाळ्यात बर्फाच्या वादळात आय-७० चक्क फाटक लावून बंद करतात, तेव्हा जानेवारी-फेब्रुवारीत जात असाल तर आदल्या रात्री रस्त्यांची स्थिती बघा आणि तशीच वेळ आली तर मुकाट हेजला हॉटेल घ्या.